टिंबाचं येतो

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

ही डायरी जानेवारीत सिलिंडरवाल्यानं भेट दिली होती. आजवर कोरीच होती. आज लिहायला घेतली, कारण पुरावा ठेवायला हवा. तुर्भ्याला आमच्या वर्कशॉपमध्ये एक पोरगी आली आहे आणि तिच्याबरोबर एक लांबलचक पेटी. दोघी मिळून माझ्या नोझलचा वेग मोजणार म्हणे.

नोझल म्हणजे तांब्याची बोटभर तोटी. तिच्यातून आर्गॉन वायू सोडायचा, आत विजेचा जाळ धरून ठेवायचा, की पुढून दहा हजार अंशांचा झोत सुटतो. त्यात धातूची पूड सोडली की ती वितळून पंपाच्या दांड्यावर थापली जाते आणि दांडा वर्षानुवर्षं झिजत नाही. झोत जेवढा वेगात, लेप तेवढा पक्का. नोझलचा आतला आकार माझा आहे. एकोणीस वर्षांपूर्वी लेथवर स्वतः काढला. त्याचा वेग सेकंदाला साडेसहाशे मीटर. कुणी मोजला? मी. कशानं? कानानं. शिटी कुठल्या सुरात लागते त्यावरून सांगतो.

आमचे छोटे साहेब, म्हणजे अभिराम, मोठ्या साहेबांचे चिरंजीव, यांना माझा कान पुरत नाही. पंपवाले गिऱ्हाईक १४ नोव्हेंबरला येणार, त्यांना कागदावर आकडा पाहिजे, साडेपाचशेच्या वरचा. नाही दिला तर परदेशी नोझल मागवायची आणि माझी कपाटात. मी २९ नोव्हेंबरला रिटायर होतोय. म्हणजे माझी नोझल माझ्याआधी पंधरा दिवस रिटायर.

डोकं सकाळपासूनच फिरलेलं. घरातून निघताना रागात 'जातो' म्हणालो. सरोजिनीनं लिफ्टपाशी गाठलं, परत आणलं, खुर्चीवर बसवलं, पाणी पाजलं आणि 'येतो' वदवून घेतलं तेव्हा सोडलं. चौतीस वर्षांच्या संसारात तिनं मला एकदाही 'जातो' म्हणू दिलेलं नाही. बरोबरच आहे तिचं. जातो म्हणणाऱ्याला परत यायचं नसतं.

८ ऑक्टोबर, बुधवार

पोरीचं नाव मैत्री. ऐरोलीला राहते, आईवडील मूळचे नांदेडकडचे. शिक्षण भरपूर. मला पहिल्याच दिवशी 'काका' म्हणाली. मी म्हटलं, "इथे सगळे मला सर म्हणतात." ती म्हणाली, "बरं काका."

कशी मोजणार विचारलं. म्हणाली, "काका, पामबीच रोडवर रात्री पोरं बाइक उडवतात ना? बाइक आपल्याकडे येत असते तेव्हा किंचाळते, पुढे गेली की आवाज घोगरा होतो. प्रकाशाचं तेच. तापलेला आर्गॉन एका ठरावीक तांबड्या रंगाची रेघ सोडतो. वायू आपल्याकडे येत असेल तर ती रेघ कणभर निळ्याच्या बाजूला सरकते, लांब जात असेल तर आणखी तांबड्याच्या. किती सरकली त्यावरून वेग."

म्हणजे ही पण कानच लावणार, फक्त डोळ्यानं. मी तसं म्हटलं तर ती खूश झाली. मी टोमणा मारला होता.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पेटी रंगांच्या रेघा अलग करते. तिला जागचं हलवायचं नाही. खोली गार लागते, पण फार गार नाही. सकाळी दोन तास तापल्याशिवाय तोंडातून शब्द काढत नाही. मी तिचं नाव सासूबाई ठेवलं. दुपारी तिच्यावर लिंबू-मिरची टांगली. मैत्रीनं लिंबू काढून सरबत केलं आणि मिरची मला दिली.

१३ ऑक्टोबर, सोमवार

मोजणीला सुरुवात. मैत्री बाजूच्या खोलीत सासूबाईंपाशी बसणार. मी काळा चष्मा लावून झोतापाशी. एक छोटं भिंग आहे, त्याला डोळा म्हणायचं, त्यातून प्रकाश केबलनं पेटीत जातो. डोळा झोताच्या समोर जरा तिरका लावला की वायू डोळ्याकडे येतो. मागच्या बाजूला लावला की डोळ्यापासून लांब जातो.

ती म्हणाली, "मला येतो पुरेसं आहे. वेळ उरला तर थोडे जातो पण घ्या. वहीत नंबरापुढे फक्त येतो की जातो लिहा."

वेळ उरला तर म्हणजे काय? मी काय नाक्यावर उभा असतो का? निम्मी समोरून घेतली, निम्मी मागून. वही कोरी करकरीत, काम पहिल्या दिवसाचं, त्यात 'जातो' लिहायला हात धजेना. म्हणून जाणाऱ्यापुढेही 'येतो'च लिहिलं. फरक कळावा म्हणून त्याच्यापुढे एक टिंब दिलं. कुणालाही कळेल इतकं सोपं.

संध्याकाळी तिनं वही चाळली. "काका, जातो एकही नाही?"

मी म्हटलं, "आपल्यात जातो म्हणत नाहीत."

ती हसली. "बरं, राहू दे. येतो पुरे."

पोरगी समजूतदार आहे. पद्धत लगेच पटली तिला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आकडा आला. नऊ.

मला वाटलं नऊशे. छाती फुगवून म्हटलं, "मी साडेसहाशे सांगत होतो तो माझा मोठेपणा." ती पुटपुटली, "नऊशे नाही काका. नऊ." सेकंदाला नऊ मीटर म्हणजे ताशी बत्तीस किलोमीटर. सानपाड्याला पाण्याचा टँकर याहून वेगात वळतो.

ती म्हणाली रेघ एकदा इकडे सरकते, एकदा तिकडे, सरासरी काढली की काहीच उरत नाही. मी म्हटलं, सासूबाईंचं डोकं ठिकाणावर नाही, आणि मजेत घरी आलो. नऊ हा आकडा कुणीच खरा मानणार नाही. साडेपाचशेऐवजी पाचशे आला असता तर माझी खरी पंचाईत होती.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी झाली. चकल्यांचा डबा मैत्रीसाठी नेला, कारण घरी फार उरल्या होत्या. सरोजिनी म्हणाली उरल्या नव्हत्या, तुम्ही वेगळ्या काढायला लावल्यात. तिला आठवत नाही.

मैत्रीचा संशय एसीवर. खोली अर्धा अंश तापली तरी सासूबाईंच्या आतल्या काचा हलतात आणि रेघ सरकते, असं ती म्हणते. एसी चालू झाला की रेघ इकडे, बंद झाला की तिकडे, असं तिचं गणित. मग आज एसी पूर्ण बंद. दोन तास घामाच्या धारा. निकाल अकरा.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आज एसी सतत चालू, अठरावर. निकाल सात. पोरगी कुडकुडत होती. सरोजिनीची शाल नेऊन दिली. ती थरथरली तर टेबल हलायचं.

दुपारी रिमोट माझ्या जेवणाच्या डब्यात लपवला. तिनं तासभर शोधला, मग माझ्यासमोर येऊन नुसती उभी राहिली. शेवटी मीच डबा उघडला. रिमोटला भेंडीचा वास लागलाय.

१ नोव्हेंबर, शनिवार

छोटे साहेब परदेशी नोझलचं चकचकीत पुस्तक घेऊन आले. पहिल्याच पानावर आकडा: सातशे. मला म्हणाले, "काका, तुमच्या नोझलबद्दल आदर आहेच, पण आदर गिऱ्हाइकाला कसा पाठवू?" हे मात्र स्पष्ट ऐकू आलं. एरवी हल्ली सगळेच पुटपुटतात.

आता इथे खरं लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचणार आहे. आज सगळे जेवायला गेल्यावर मी एकटाच झोत चालू करून, कानावरची टोपणं काढून उभा राहिलो. डाव्या कानानं शिटी आली. उजव्यानं नुसती फुसफुस. टोपणं न लावता एकोणीस वर्षं ऐकल्यावर आणखी काय होणार. कान कधी गेला हे मला माहीत नाही. साडेसहाशे हा आकडा मी कान धड असताना ठरवला की नंतर, तेही सांगता येत नाही. कदाचित पाचशेच असेल. मी एकोणीस वर्षं फेकत आलो असेन, आणि लोक माझं वय बघून गप्प बसले असतील. रिटायर व्हायची भीती वाटत नाही. फेकू म्हणून रिटायर व्हायची वाटते.

५ नोव्हेंबर, बुधवार

निकाल बारा. मैत्री आज जेवली नाही. मी तिला हसवायला सांगितलं की वायू बहुतेक लाजाळू आहे, समोर मुलगी बघितली की हळू चालतो. हसली नाही.

मी आता मनापासून काम करतोय. डोळा पुसून लावतो, समोरून एक, मागून एक, अगदी नेमानं. अक्षरसुद्धा सुधारलंय. टिंबं तर मोत्यासारखी आली आहेत.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

साडेपाचला मैत्री म्हणाली, "काका, मी अभिराम सरांना मेल लिहिलाय. या सेटअपवर वेग मोजता येत नाही, असं. उद्या सकाळी पाठवते." शाल घडी करून टेबलावर ठेवली होती. डोळे लाल. इतके दिवस मला हेच तर पाहिजे होतं, पेटीनं हात टेकावेत. डबा उचलला, दाराशी आलो आणि म्हटलं, "येतो."

ती मान खाली घालूनच म्हणाली, "या."

तीन पावलं गेलो असेन.

"काका. आत्ता काय म्हणालात?"

"येतो म्हणालो."

"आणि चाललायत कुठे?"

"घरी. सानपाड्याला."

"म्हणजे जाताय."

"तिन्हीसांजेला काहीतरीच काय बोलतेस. येतो."

ती उठली ती खुर्ची मागे पाडूनच. वही ओढली. "काका, डोळा मागच्या बाजूला लावून तुम्ही एक तरी वाचन घेतलंय का?"

"एक? रोज घेतोय. निम्मी मागूनच आहेत."

"मग जातो कुठे लिहिलंय?"

"तुला सांगितलं होतं की, आपल्यात जातो म्हणत नाहीत. तूच म्हणालीस, बरं, येतो पुरे."

तिनं कपाळावर हात मारला. "मला वाटलं तुम्ही ती वाचनं घेतच नाही."

"काम सांगितल्यावर न करणारा माणूस वाटलो का मी तुला?"

"मी सगळी मिळून सरासरी काढत बसले काका. येणारे निळ्याकडे, जाणारे तांबड्याकडे. एकमेकांत फिटणारच ते." मग वहीची पानं उलटत म्हणाली, "आता कुठलं येणारं आणि कुठलं जाणारं, हे कळणार कसं?"

"टिंब बघ की."

"कुठलं टिंब?"

"जाणाऱ्या येतोपुढे टिंब आहे. येणाऱ्याला नाही."

तिनं पान डोळ्याजवळ नेलं. मग म्हणाली, "मला वाटलं पूर्णविराम आहे."

"पूर्णविरामच आहे. तो गेला. विषय संपला."

यावर ती हसायला लागली. खाली बसून, पोट धरून हसली, मग रडली, मग परत हसली. मी पाणी आणून दिलं. शहाण्णव वाचनं होती, अठ्ठेचाळीस टिंबाची, अठ्ठेचाळीस बिनटिंबाची. मी एकेक वाचून दाखवत होतो, "येतो, येतो टिंब, येतो, येतो टिंब," आणि ती लॅपटॉपवर दोन ढीग करत होती. दोन ढिगांतलं अंतर काढायला तिला पाचच मिनिटं लागली. तेवढ्यात मला घाम फुटला होता, एसी अठरावर असून.

सहाशे बारा.

मी विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "अधिक उणे चाळीस." मी म्हटलं, म्हणजे काय. म्हणाली, "म्हणजे पाचशे बहात्तर ते सहाशे बावन्न यात कुठेही." साडेसहाशे त्यात बसतं. मी दोनदा विचारून घेतलं. बसतं.

वर ती म्हणाली दोन्ही बाजूंनी घेतल्यामुळे सासूबाईंची स्वतःची खोडसुद्धा आपोआप वजा झाली, नुसत्या समोरच्या वाचनांवर इतका भरवसा ठेवता आला नसता. मी म्हटलं, बघ. पण घरी येताना रिक्षात आठवत राहिलं, दोन आठवडे ती पोरगी एसीखाली कुडकुडली ती माझ्या टिंबापायी. उद्या तिला नीट सॉरी म्हणायचं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सॉरी म्हणायचं राहिलं. उकडीचे मोदक नेले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पंपवाले आले, तिघं, शूज चकचकीत. त्यांच्यासमोर नव्यानं दहा वाचनं घेतली. मैत्रीनं डोळ्याच्या दोन जागांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. एकीवर 'येतो', दुसरीवर 'येतो' आणि टिंब. छापील अहवालातही रकान्यांची नावं तीच. निकाल सहाशे वीस.

त्यातल्या एकानं विचारलं, एवढं सोपं होतं तर महिना का लागला. छोटे साहेब एसीकडे बोट दाखवणार एवढ्यात मी पुढे सरकलो. चूक माझी होती, सांगून टाकणार होतो. तर मैत्रीच बोलली, "लँग्वेजचा प्रॉब्लेम होता, सर." त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "सॉफ्टवेअरमध्ये होतं असं." ती म्हणाली, "हो, फार जुनं सॉफ्टवेअर आहे. पण भरवशाचं." आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

चकचकीत पुस्तक कपाटात गेलं. माझी नोझल राहिली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

छोट्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. माझ्या उजव्या बाजूला बसून बराच वेळ काहीतरी पुटपुटत होते. निरोपाचं भाषण पाठ करत असावेत. मी मध्येमध्ये "हो, चालेल," म्हणत राहिलो. शेवटी एका कागदावर सही घेतली, निवृत्तीचा असेल, आणि हात घट्ट हातात धरला. मुलगा वाईट नाही. कागदाची एक प्रत मला दिली, ती सरोजिनीकडे ठेवायला दिली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मैत्रीनं नवी वही आखली आहे, डिसेंबर-जानेवारीसाठी. 'नोंद करणारे' या रकान्यात आधीच 'ज. प्र. काका' असं माझं नाव लिहून ठेवलंय, सोमवार आणि गुरुवारपुढे. मी शनिवारनंतर नसणार, हे तिला कुणीतरी नीट सांगायला हवं. माझ्याच्यानं होईना.

२९ नोव्हेंबर, शनिवार

शाल मिळाली, नारळ मिळाला. छोटे साहेब चांगलं बोलले असावेत, कारण लोक हसले आणि मग गप्प झाले. मैत्रीनं अहवालाचं ते पान काचेत बसवून दिलं. दोन रकाने, सहाशे बारा, अधिक उणे चाळीस. खाली बारीक अक्षरात: नोझल आणि नोंदी, जयप्रकाश तळवलकर. मला बोलायला उभं केलं. मी नोझलच्या आतल्या आकाराबद्दल पाच मिनिटं बोललो, कारण तेवढं एकच मला न अडखळता येतं.

निघताना एकदा झोताच्या खोलीत गेलो. सासूबाईंना हात जोडले. दाराशी सगळे उभे होते. हे दार अठ्ठावीस वर्षं रोज ओलांडलं. म्हटलं, "येतो."

कुणी 'या' म्हणेना. मैत्री पुढे आली. माझ्या डाव्या बाजूला येऊन, अगदी स्पष्ट म्हणाली, "काका, टिंबाचं की बिनटिंबाचं?"

मला हसू आलं आणि डोळे भरले, दोन्ही एकदमच. खरं उत्तर माहीत होतं, पण ते तोंडातून निघेना. म्हटलं, "बिनटिंबाचं."

"मग या," ती म्हणाली. "सोमवारी नऊला. सासूबाईंना तापायला दोन तास लागतात."

बिचारी. मी गेलो हे अजून तिला खरं वाटत नाहीये. रिक्षात बसेपर्यंत मीही तिला हो हो म्हणत राहिलो, मन कशाला मोडा.

घरी आलो तर सरोजिनी माझा जेवणाचा डबा घासत होती. मी म्हटलं, आता कशाला घासतेस, दे भंगारवाल्याला. तर हात न थांबवता म्हणाली, "सोमवारी लागेल ना. तुम्ही सही केलेल्या कागदावर लिहिलंय की, सोमवार आणि गुरुवार."

कसला कागद, कुठे काय लिहिलंय, मला काही कळलेलं नाही. थांबा, तिला विचारून येतो